शेवटच्या पानावरची पेन्सिल

सार्वजनिक वाचनालयातून घरी आणलेल्या जुन्या मराठी कादंबरीला बहुधा दोन शेवट असतात. एक लेखकाने लिहिलेला आणि दुसरा त्याखाली उरलेल्या कोऱ्या जागेत वाचकांनी पेन्सिलीने लिहिलेला. 'अवश्य वाचा', 'शेवट पटला नाही', 'नायिका मूर्ख आहे' असे शेरे तेथे असतात. त्याखाली वेगळ्या हस्ताक्षरात 'मूर्ख नायिका नव्हे, वाचक' असे उत्तर असते आणि सर्वांत खाली 'वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये' अशी समज कोणीतरी दिलेली असते, अर्थात पुस्तकातच लिहून. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी वर्षानुवर्षे चालविलेला हा संवाद ग्रंथपालांना उपद्रव वाटतो आणि तो तसा आहेही. परंतु कादंबरी वाचणारा माणूस वाचून झाल्यावर गप्प का बसू शकत नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर सुरुवात याच पानापासून करावी लागते.

कविता वाचून माणूस एखादी ओळ गुणगुणतो, नाटक पाहून परततानाच त्यावर बोलून मोकळा होतो. कादंबरीचे तसे नाही. ती एकट्याने, चार-आठ दिवस, जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा चोरून वाचली जाते. त्या काळात वाचक ज्या माणसांत वावरत असतो ती घरातल्या दुसऱ्या कोणालाही दिसत नाहीत. पुस्तक मिटले की या माणसांविषयी बोलायला कोणीतरी हवे असते आणि तो कोणीतरी तेच पुस्तक वाचलेलाच असावा लागतो. म्हणून वाचनालयाच्या देवघेव विभागापुढची रांग ही पुस्तक बदलून घेण्याची जागा असते तशीच हे बोलणे उरकून घेण्याचीही असते. 'झाली का वाचून?' या प्रश्नाने तेथे ओळखी होतात. अनेक वर्गणीदार कपाटांकडे वळण्याआधी नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगाकडे जातात. ज्या पुस्तकाला दुसऱ्याचा हात नुकताच लागला आहे ते वाचनीय असणार, हा त्यामागचा साधा हिशेब असतो.

या बोलण्याला साहित्यचर्चेत फारसा मान नाही. कादंबरीतील पात्रांविषयी शेजारपाजारच्या माणसांविषयी बोलावे तसे बोलणे, शेवट गोड की कडू यावरून पुस्तकाची किंमत करणे, 'आमच्या आत्याचेही असेच झाले' असे म्हणून कथानक आपल्या घराशी जोडणे, या तिन्ही खोडी भाबड्या वाचकाच्या मानल्या जातात. समीक्षक निवेदनपद्धती, रचना, आशयसूत्र यांविषयी बोलतो. मात्र कादंबरी हा प्रकार ज्या काळात घडत होता त्या काळाकडे पाहिले, तर या खोडींवाचून तो घडलाच नसता असे दिसते.

इंग्लंडमध्ये सॅम्युअल रिचर्डसन यांची 'क्लॅरिसा' ही प्रचंड कादंबरी १७४७ आणि १७४८ या दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने सात खंडांत प्रसिद्ध झाली. शेवटचे खंड यायचे असताना नायिकेचा मृत्यू होणार अशी कुणकुण लेडी ब्रॅडशे नावाच्या एका वाचक स्त्रीला लागली. तिने टोपणनावाने लेखकाला पत्रे लिहून क्लॅरिसाला वाचविण्याची गळ घातली. रिचर्डसन बधले नाहीत. क्लॅरिसा मेली. पण या पत्रांतून दोघांचा स्नेह जुळला आणि पत्रव्यवहार पुढे अनेक वर्षे चालला. या बाईंनी आपल्या 'क्लॅरिसा'च्या प्रतीत समासांत शेरे लिहिले आणि ती प्रत हाती आल्यावर खुद्द लेखकाने त्याच समासांत त्यांना उत्तरे लिहिली. ही प्रत आज अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे. पुस्तकात लिहू नये हा नियम योग्यच, परंतु काही शेरे मात्र पुस्तकाइतकेच मोलाचे ठरतात ते असे.

शेरलॉक होम्सची कथा अधिक परिचित आहे. आर्थर कॉनन डॉईल यांनी १८९३ च्या डिसेंबरात 'स्ट्रँड' मासिकात होम्सला दरीत ढकलून दिले आणि वाचक खवळले. लंडनमधील तरुणांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या असे सांगतात. ही गोष्ट बहुधा मागाहून रचलेली असावी. खरे एवढेच, की लेखकाला दहा वर्षांनी, १९०३ साली, होम्स जिवंत असल्याचे जाहीर करावे लागले. होम्स मेला हे लेखकाचे म्हणणे वाचकांनी मान्यच केले नव्हते.

मराठीत कादंबरीची वाट बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन'ने १८५७ साली दाखविली, हे सर्वश्रुत आहे. मात्र कादंबरीविषयी घराघरांत बोलण्याची सवय लावली ती हरि नारायण आपटे यांनी. १८९० साली त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि त्यातून 'पण लक्ष्यांत कोण घेतो' क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. यमू नावाची मुलगी आपली हकिगत स्वतःच सांगते आहे, अशी तिची मांडणी आहे. बालपण, लग्न, सासर, मुंबईतील थोडे सुखाचे दिवस, वैधव्य आणि शंकरमामंजींच्या घरात तिच्यावर लादलेले केशवपन हे सारे वाचक हप्त्याहप्त्याने अनुभवत होता. दोन अंकांच्या मध्ये आठवडा असे. त्या आठवड्यात वाचकाकडे यमूची काळजी करण्यावाचून दुसरा उपाय नव्हता. ज्या घरात विधवा आत्या किंवा बहीण माजघरात वावरत होती, तेथे ही काळजी केवळ कादंबरीतल्या मुलीची राहणे शक्य नव्हते. ज्या गोष्टीविषयी घरात सरळ बोलणे अशक्य होते, तिच्याविषयी यमूच्या निमित्ताने बोलता येऊ लागले. त्या कादंबरीचे नावदेखील बोलता बोलता अर्ध्यावर सोडलेल्या वाक्यासारखे आहे.

'आमच्या आत्याचेही असेच झाले' ही खोड येथे तिच्या खऱ्या रूपात दिसते. वाचक कथानक आपल्या घराशी जोडतो तेव्हा कादंबरीची पातळी खाली आणतोच असे नाही. पुष्कळदा तो घरातली गोष्ट बोलता येईल अशा उंचीवर आणून ठेवतो.

मराठी वाचकांच्या गप्पांचा सर्वांत समृद्ध काळ कोणता, असे विचारले तर १९६२ आणि १९६३ या दोन वर्षांकडे बोट दाखवावे लागेल. १९६२ साली रणजित देसाई यांची 'स्वामी' आली आणि त्याच वर्षी श्री. ना. पेंडसे यांची 'रथचक्र'. पुढच्या वर्षी जयवंत दळवी यांची 'चक्र' आणि भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला'. एका बाजूला पेशवाईतील माधवराव आणि रमा, दुसरीकडे कोकणातली एकटीने झुंजणारी बाई, तिसरीकडे मुंबईची झोपडपट्टी आणि चौथीकडे खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला येऊन नापास होऊन परत जाणारा पांडुरंग सांगवीकर. चार पुस्तके एकाच वाचनालयाच्या एकाच कपाटात आली आणि त्यांचे वाचक एकमेकांशी बोलेनासे झाले म्हटले तरी चालेल! 'स्वामी'वर लुब्ध असलेल्यांना 'कोसला' ही कादंबरी आहे हेच पटेना आणि 'कोसला'ने झपाटलेल्या महाविद्यालयीन मुलांना 'स्वामी'तील भरजरी संवाद ऐकवेनात.

'कोसला' प्रसिद्ध झाली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते. त्यांच्या पुस्तकाने एक चमत्कार केला, जो मोजता येत नाही पण त्या पिढीतील कोणालाही आठवतो. वाचणारी मुले पांडुरंगासारखी बोलू लागली. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे दोन निरुपद्रवी शब्द वसतिगृहांच्या खोल्यांत परवलीचे झाले. कोणी बोलताना 'वगैरे' विशिष्ट जागी टाकला की समोरच्याला कळे, याने वाचली आहे. पुढचे बोलणे मग कादंबरीविषयी असायचे कारणच उरत नसे. नापास होण्याविषयी, वडिलांच्या पैशांविषयी, गावाकडे परतण्याच्या भीतीविषयी ते होई. मनीच्या, म्हणजे पांडुरंगाच्या बहिणीच्या, मृत्यूच्या पानांविषयी मात्र ही मुलेही फारशी बोलत नसत. त्या पानांचा नुसता उल्लेख होई आणि विषय बदले.

चार वर्षांनी, १९६७ साली, शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' आली आणि वाद कर्णाभोवती पेटला. या कादंबरीचे बळ तिच्या रचनेत आहे, हे वाचक अभ्यासकांच्या आधी ओळखून होते, फक्त त्यांनी 'रचना' हा शब्द वापरला नाही. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण अशी सहा माणसे आपापली बाजू सांगतात. साहजिकच वाचकांच्या बैठकीत प्रत्येक जण कोणाची तरी वकिली घेऊन बसे. कुंतीने योग्य केले की अयोग्य, यावर सासवासुनांची मते सहसा जुळत नसत. योगायोग असा की त्याच १९६७ साली इरावती कर्वे यांचे 'युगान्त' प्रसिद्ध झाले. ती कादंबरी नव्हे, निबंधांचा संग्रह आहे आणि त्यात बाईंनी कर्णाकडे जराही हळवे न होता पाहिले आहे. 'मृत्युंजय'ने डोळे पाणावलेल्या वाचकाच्या हाती कोणीतरी 'युगान्त' ठेवावे आणि त्याने चिडून परत करावे, किंवा न चिडता दुसऱ्यांदा वाचायला घ्यावे, हे त्या काळात पुष्कळ घरांत घडले. वर्तमानपत्रातील कोणत्याही परीक्षणाने दिला नसता असा महाभारताचा पाठ अशा देवघेवीतून वाचकांना मिळाला.

हे चित्र मात्र फार गोड करून चालणार नाही. वाचकांच्या बोलण्यात खोट असतेच, आणि ती ऐतिहासिक कादंबरीच्या बाबतीत उघडी पडते. 'स्वामी'तील रमा-माधवाचे संवाद हे कोणा बखरीतून उतरवून घेतले आहेत अशा थाटात ते सांगितले जाऊ लागले. ना. सं. इनामदार यांची 'राऊ' १९७२ साली आली, विश्वास पाटील यांची 'पानिपत' १९८८ साली. या दोन्ही पुस्तकांनी हजारो वाचकांना अठराव्या शतकात ओढून नेले आणि त्यातले बरेच जण तेथून परत आलेच नाहीत. लेखकाने कल्पिलेला प्रसंग आणि कागदपत्रांत सापडलेला प्रसंग यांतला फरक गप्पांच्या ओघात वाहून जातो. 'राऊ'च्या आधारे 'बाजीराव मस्तानी' हा हिंदी चित्रपट २०१५ साली आला, तेव्हा 'खरा इतिहास असा नाही' म्हणून रागावलेल्यांपैकी अनेकांच्या मनातला खरा इतिहास हा कादंबरीतूनच आलेला होता. पात्रांना जिवंत माणसे मानण्याची वृत्ती यमूच्या वेळी जी ताकद होती, तीच येथे दुबळेपणा ठरते.

आणखी एक गोष्ट लपून राहते. माणसे जे वाचतात ते सारे बोलत नाहीत. बाबुराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्यासाठी वाचनालयांत नंबर लागत. पण 'सध्या काय वाचता?' या प्रश्नाला प्रतिष्ठित गृहस्थ अर्नाळकरांचे नाव क्वचितच सांगत. चंद्रकांत काकोडकर यांच्याबाबत हा संकोच अधिकच. त्यांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या एका दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेच्या आरोपाखाली न्यायालयात गेली. उच्च न्यायालयाने दोषी ठरविलेल्या या लेखकाला सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली निर्दोष ठरविले. काकोडकरांची पुस्तके वर्तमानपत्राच्या कागदाचे वेष्टन घालून घरात येत आणि उशीखाली राहत. चारचौघांत सांगायची आवडती कादंबरी एक आणि रात्री वाचायची दुसरी, ही विभागणी कित्येक घरांत सुखाने नांदत होती. वाचकांच्या आवडीचा इतिहास लिहिणाऱ्याने त्यांच्या बोलण्यावर जितका भरवसा ठेवावा, तितकाच पुस्तकांच्या झिजलेल्या पुठ्ठ्यांवरही ठेवावा.

घरातील बायकांच्या कादंबरीवाचनाला तर संकोचाची आणखी एक किनार होती. दुपारच्या वेळी पुस्तक घेऊन बसलेली सून रिकामी समजली जाई. या बाबतीत अमेरिकेतील अभ्यासक जॅनिस रॅडवे यांनी १९८४ साली केलेली मांडणी मराठी घरांनाही ओळखीची वाटेल अशी आहे. एका लहान शहरातील पुस्तकाच्या दुकानाभोवती जमणाऱ्या, प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या गृहिणींशी त्या दीर्घकाळ बोलल्या. या कादंबऱ्या म्हणजे सुमार, साचेबंद करमणूक, असे विद्वानांचे मत होते. त्या बायकांनी वेगळेच सांगितले. गोष्ट काय आहे यापेक्षा ती वाचत असताना आपल्याला कोणी हाक मारत नाही, याचे मोल त्यांना अधिक होते. दिवसभर नवऱ्याचे आणि मुलांचे हवे-नको पाहणाऱ्या बाईसाठी उघडे पुस्तक म्हणजे दार लावून घेण्यासारखे होते. त्यांच्यातील अनेक जणी पुस्तक निवडण्याआधी शेवट वाचून पाहत. यात उतावीळपणा नव्हता. आपला मोजका वेळ दुःखाने संपणाऱ्या पुस्तकावर घालवायचा नाही, असा तो सरळ व्यवहार होता. 'शेवट पटला नाही' असा पेन्सिलीचा शेरा वाचून हसणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

समीक्षेने ज्यांना दारात उभे केले नाही, अशा लेखकांना वाचकांच्या गप्पांनी जगविले, याचे ठळक उदाहरण सुहास शिरवळकर हे होय. पुण्याच्या या लेखकाची 'दुनियादारी' १९८२ साली आली. कॉलेज, कट्टा, मैत्री, त्यातले खरे आणि खोटे, असा तिचा ऐवज. अमर विश्वास, दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन ही त्यांच्या रहस्यकथांतील पात्रे चाहत्यांना मित्रांसारखी परिचित आहेत आणि लेखक त्यांच्यासाठी नुसता 'सुशि' आहे. २००३ साली शिरवळकर गेले. साहित्याच्या इतिहासग्रंथांनी त्यांची फारशी दखल घेतली नव्हती. तरीही कादंबरी एका पिढीकडून दुसरीकडे, थोरल्या भावाकडून धाकट्याकडे जावी तशी जात राहिली. २०१३ साली तिच्यावर मराठी चित्रपट निघून तो तुफान चालला, तेव्हा चित्रपटगृहाबाहेर दोन तट दिसत होते. एक नुसता खूश झालेल्यांचा आणि दुसरा 'कादंबरीत असे नाही' म्हणून तावातावाने बदल मोजणाऱ्यांचा. ज्या लेखकाच्या बाजूने भांडायला त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी इतकी तरुण माणसे उभी राहतात, त्याला उपेक्षित म्हणावे का, हा प्रश्नच आहे. भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांचेही थोडेफार असेच झाले. २००८ साली त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या कथेपासून प्रेरणा घेतलेला 'तुंबाड' २०१८ साली पडद्यावर आल्यानंतर, धारप कोण हे ठाऊक नसलेल्यांनी त्यांची पुस्तके शोधायला सुरुवात केली. त्यांना ती कोणती वाचावीत हे सांगायला जुने चाहते तयारच होते.

मराठी कादंबरीची आवृत्ती साधारणपणे हजार प्रतींची धरली जाते आणि अलीकडे ती त्याहून लहानही असते. साऱ्या महाराष्ट्रासाठी हजार प्रती. जाहिरातीला पैसा नाही, परीक्षणांच्या जागा आटलेल्या. अशा वेळी एक प्रत दुसऱ्या वाचकापर्यंत नेणारी यंत्रणा म्हणजे 'हे वाचच' असे म्हणणारा माणूस, एवढीच उरते. कृष्णात खोत यांची 'रिंगाण' घ्यावी. धरणामुळे उठविलेल्या माणसांची आणि मागे राहिलेल्या म्हशीची ही कादंबरी. तिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यामुळे नाव पुष्कळांपर्यंत पोहोचले. पण पुरस्काराच्या बातमीने पुस्तक फार तर विकत घेतले जाते. म्हशीचे पुढे काय होते हे सांगता सांगता अडखळलेला आणि 'तूच वाच' म्हणून थांबलेला मित्र ते वाचायला लावतो. नंदा खरे यांच्या 'उद्या'चेही तसेच. ती सोपी कादंबरी नाही आणि लेखकाने २०२० चा अकादमी पुरस्कार नाकारल्यामुळे गाजली ती बहुतांशी न वाचणाऱ्यांत. माणसांवरच्या पाळतीविषयी आणि आटत चाललेल्या जगण्याविषयी ती जे सांगते, ते एकट्याला पेलत नाही. तिच्या वाचकाला दुसरा वाचक गाठावाच लागतो.

तो गाठण्याच्या जागा मात्र कमी होत आहेत. शहरांतील गल्लीबोळांतली खासगी वाचनालये एकामागून एक बंद झाली. त्यांच्या मालकाला प्रत्येक वर्गणीदाराची आवड तोंडपाठ असे आणि 'हे तुमच्यासाठी बाजूला ठेवले आहे' असे म्हणून तो काउंटरखालून पुस्तक काढी. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे, मुंबईचे १८९८ सालचे. अशा संस्था उभ्या आहेत, तेथे पुस्तकेही भरपूर आहेत; देवघेवीची रांग पूर्वीपेक्षा लहान आहे एवढेच. रांगेत पाच माणसे असली तरी ओळख निघते. पुढच्याच्या हातातले पुस्तक मागच्याने मान वाकडी करून वाचले, की नाव कळते. मग प्रश्न येतो, 'कशी आहे?' आणि उत्तर देणारा पुस्तक परत करायचे विसरून, रांगेतून बाजूला होऊन बोलू लागतो.